पहिला ठेवायचा, दुसरा द्यायचा

माझा पहिला पक्षी नाताळच्या झाडावर टांगला तेव्हा त्याने सरळ खाली मुंडी घातली. चोच जमिनीकडे, शेपटी छताकडे. फांदीवरून काहीतरी खाली पडलंय आणि हा ते शोधतोय, असं वाटावं. दोन संध्याकाळी खर्चून शिवलेला पक्षी होता तो. पंखावर साखळी टाका, डोळ्यांना गाठी टाका, कडेने काजटाका, सगळं मन लावून केलेलं. फक्त टांगायची दोरी मी पाठीच्या बरोबर मध्यावर लावली होती, कारण कागदावर ती तिथे छान दिसत होती.

कागदावरचा पक्षी सगळीकडे सारखाच पातळ असतो. कापूस भरला की छाती फुगते, शेपटी चपटीच राहते, आणि वजनाचा मध्य पुढे सरकतो. दोरी त्याच्या बरोबर वर नसेल तर पक्षी मुंडी घालणारच. हे शाळेत शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण सुई हातात असताना आठवलं नाही.

आदल्या वर्षी मी याहून मोठा मूर्खपणा केला होता. 8 डिसेंबरला बसून एकोणीस जणांची यादी केली होती, प्रत्येकाला हाताने शिवलेलं एकेक शोभेचं लटकन द्यायचं म्हणून. 24 च्या रात्रीपर्यंत तीन झाली, आणि त्यातलं एक शिवलेलं नव्हतंच, चिकटवलेलं होतं. उरलेल्या सोळा जणांना काय दिलं ते सांगण्यासारखं नाही.

म्हणून या खेपेला जूनमध्येच सुरुवात केली. नाताळची शिलाई जूनमध्ये काढली की घरातले जरा चमत्कारिक नजरेने बघतात, पण दोन आठवड्यांत त्यांना सवय होते. हिशेब असा होता: साधं फेल्टचं (न विणता, तंतू दाबून केलेल्या जाडसर कापडाचं) लटकन, म्हणजे कापणं, भरतकाम, कड आणि कापूस धरून, मला तीन तास घेतं. फुलीच्या टाक्याचं लटकन आठ ते नऊ तास. आठवड्याला चार तास मिळतात, तेही मिळाले तर. म्हणून यादीला कात्री लावली. एकोणीसमधले बारा जण असे निघाले की त्यांना मी फक्त लाजेकाजेस्तव देणार होते. लाजेखातर तीन तास कुणी शिवू नये. टाके बघितले की कळतं ते. सात राहिले.

आणि एक नियम ठरवला. प्रत्येक नमुन्याचे दोन नग करायचे: पहिला आपल्याकडे ठेवायचा, दुसरा द्यायचा. पहिल्यात हात बसतो, दुसऱ्यात काम बसतं. नियम ठरवताना फार शहाणपणाचा वाटला. त्यामुळे आपल्या झाडावर फक्त चुकाच लटकणार आहेत हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

सुरुवातीला फेल्टच चुकीचं आणलं. दिसायला चकचकीत, रंग छान, हाताला थोडं निसरडं. ते कृत्रिम धाग्याचं होतं. ते ताणलं जातं, सुई गेली की भोक उघडं राहतं, आणि चार वेळा हाताळलं की अंगावर गोळे येतात. खरं लोकरीचं फेल्ट वेगळंच असतं. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकून घट्ट बसतात. त्यात उभा धागा नाही, आडवा नाही, त्यामुळे कापलेली कड सुटत नाही आणि दुमडूनही शिवावी लागत नाही. साधारण एक मिलिमीटर जाडीचं फेल्ट माझ्या हाताला बरं वाटलं. त्याहून पातळ असेल तर आतला कापूस टाक्यांतून डोकावतो. जाड असेल तर छोटी चोच कापताच येत नाही. कृत्रिम तुकडे मी सरावाला ठेवले, फुकट गेले नाहीत.

कापताना कात्री फिरवायची नाही, फेल्ट फिरवायचं. हे मला तिसऱ्या ताऱ्याला कळलं, पहिल्या दोघांचे कोपरे कुरतडल्यासारखे झाल्यावर.

नमुना फेल्टवर उतरवायचा कसा, यात अख्खा जुलै गेला. गडद हिरव्यावर पेन्सिल दिसत नाही. कार्बन लावला तर बोटांना लागून सगळीकडे पसरतो. मग पाण्याने जाणारं निळं पेन आणलं आणि आखल्यावर, कापड सपाट व्हावं म्हणून, आधी इस्त्री फिरवली. तीच चूक. त्या शाईला उष्णता लागली की ती कापडात पक्की बसते, मग पाणी काही करू शकत नाही. घंटेच्या आकाराच्या त्या लटकनावर अजून निळी रेघ आहे. दुसरं पेन उष्णतेने जाणारं होतं. इस्त्री फिरवली की रेघा गायब, जादूच. मी खूश होऊन तीन नग आखले, आणि मग कळलं की ती शाई जात नाही, नुसती दिसेनाशी होते. कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या बरंच खाली, रेघ परत उमटते. माझी दोन पाकिटं बर्फ पडणाऱ्या देशांत जाणार होती. पोस्टाच्या गाडीत माझ्या पक्ष्याच्या पोटावर आखणी उमटलेली मला दिसायला लागली.

शेवटी जे जमलं ते सगळ्यात साधं होतं. पातळ टिश्यू कागदावर नमुना काढायचा, कागद फेल्टवर ठेवून कच्चा दोरा घालायचा, कागदासकट भरतकाम करायचं आणि मग कागद हळूच फाडून काढायचा. टाक्यांखाली अडकलेले कपटे चिमट्याने वेचायचे. कंटाळवाणं आहे, पण मागे काही उरत नाही.

दोऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मला त्याचा लळा लागला. भरतकामाच्या सुती दोऱ्याची एक लडी आठ मीटरची. दोरा सहा पदरी. त्यातला हवा तेवढा पदर काढून घ्यायचा: भरतकामाला दोन, कडेला तीन. दोन पदर एकदम ओढले तर उरलेल्या चारांचा गुंता होतो. एकच पदर धरून सरळ वर ओढायचा. उरलेले पाच खाली गोळा होतात आणि तो निघाला की आपसूक सुटे होतात. मग दुसरा काढायचा, आणि दोघांना शेजारी ठेवून सुईच्या नेढ्यात ओवायचं. एकाच लडीतले दोन पदर वेगळे करून पुन्हा जोडणं वेडेपणाचं वाटतं, पण तसं केलं की टाका चपटा आणि भरलेला बसतो.

त्याची चमक कुठून येते, याचं मला लहानपणापासून कुतूहल होतं. 1844 मध्ये जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाला आढळलं की सूत कॉस्टिक सोड्यात बुडवलं की मजबूत होतं आणि रंगही जास्त धरतं. पण सूत आटायचं, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1890 मध्ये होरेस लो याने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली. आटणं थांबलं आणि चमक आली. मर्सरच्या नावावरून त्याला मर्सराइज्ड म्हणतात. लडीवरचा तो शब्द मी कितीतरी वर्षं कंपनीचं नाव समजत होते.

दोरा कोपरापासून बोटाच्या टोकाएवढाच कापावा. लांब घेतला की पुन्हा ओवायचे कष्ट वाचतात असं वाटतं. प्रत्यक्षात फेल्टमधून पन्नास वेळा गेलेला दोरा मलूल होतो आणि शेवटचे दहा टाके सुतळीसारखे दिसतात. जरीचा दोरा तर वीतभर-दीडवीतभरच बरा. तो दर तिसऱ्या टाक्याला उलगडतो. ताऱ्याच्या कडेला मी जर वापरायला गेले आणि एका संध्याकाळी पाच टाके झाले. मग जर कापडातून खेचायचंच सोडलं. वर मांडली आणि बारीक दोऱ्याने जागोजाग टाचली. दिसायला तीच, डोक्याला ताप निम्मा.

काजटाका मला माझ्या आत्याने शिकवला होता, मी आठ-नऊ वर्षांची असताना, एका जुन्या रुमालाच्या कडेवर. तिचं एकच पालुपद असायचं: "टाका ओढू नकोस गं, बसव." तेव्हा काही कळलं नव्हतं. यंदा कळलं.

दोन फेल्ट एकावर एक ठेवायचे. सुई पहिल्यांदा दोघांच्या मधून घालून पुढच्या फेल्टमधून बाहेर काढायची, म्हणजे गाठ आत लपते. पुढचा टाका कडेपासून तीन मिलिमीटर आत, समोरून मागे, दोन्ही थरांतून. दोरा पूर्ण ओढायच्या आधी जो फास उरतो त्यातून सुई न्यायची. आता हलकेच, कडेच्या दिशेने. इथेच सगळं ठरतं. जास्त ओढलं तर कडेला चुण्या पडतात आणि पक्षी चिरमुटतो. कमी ओढलं तर फास सैल लोंबतो आणि झाडाच्या काटेरी पानांत अडकतो. दोरा कडेवर येऊन टेकला, फेल्ट जागचं हललं नाही, की थांबायचं. तेच बसवणं. डाव्या हाताचा अंगठा मागच्या टाक्यावर दाबून धरायचा, नाहीतर नवा टाका जुन्याला ढिलं करतो. ताऱ्याच्या टोकाला एकाच भोकात तीन टाके घ्यायचे: एक टोकाच्या अलीकडे, एक बरोबर टोकावर, एक पलीकडे. नाहीतर दोरा टोकावरून घसरतो आणि कोपरा नागडा राहतो.

पहिल्या पक्ष्याचे टाके मी आता मोजले. पोटाकडून सुरुवात केलेली आहे. तिथे एक टाका दोन मिलिमीटरचा, शेजारचा पाचाचा. मानेपर्यंत येताना ते सारखे होत जातात आणि शेपटीपाशी छान आहेत. म्हणजे तो एकच पक्षी बघून कळतं, मला काजटाका कुठल्या जागी यायला लागला.

त्याच पक्ष्याची अजून एक गंमत. मी दोन पुढच्या बाजू आधी भरून घेतल्या, मनात असं की एक पुढची, एक मागची, म्हणजे दोन्हीकडून पंख दिसेल. लोकरीच्या फेल्टला सुलट-उलट नसतं. त्यामुळे कापताना काही बिघडत नाही. पण एकदा भरतकाम केलं की बाजू ठरते. माझे दोन्ही पक्षी डावीकडे बघत होते. एकमेकांच्या पाठीला पाठ लावल्यावर एकाची चोच दुसऱ्याच्या शेपटीवर आली. मी दहा मिनिटं ते फिरवून फिरवून बघत होते, जणू कुठल्यातरी कोनातून ते जुळतील. शेवटी दोघांना साधी पाठ लावली. एकाचे दोन पक्षी झाले. एक ठेवायला, एक द्यायला. नियम चुकूनच पाळला गेला.

दुसऱ्या पक्ष्याला दोरी शेवटी लावली. आधी कापूस भरून कड पूर्ण बंद केली, मग पाठीवर एक टाचणी उभी खोचून तिला धरून पक्षी लोंबत ठेवला. मुंडी घातली तर टाचणी थोडी पुढे. शेपटी खाली गेली तर मागे. पाठीच्या मध्यापासून जेमतेम एक सेंटिमीटर पुढे, मानेच्या जवळ, तो सरळ उभा राहिला. तिथून लांब सुईने दोरी ओवून घेतली. एवढंच होतं.

कापूस भरण्याबद्दल एवढंच की चिमूटचिमूटभर भरावा, लांबच्या कोपऱ्यात आधी, ब्रशच्या मागच्या टोकाने ढकलत. मोठा गोळा एकदम कोंबला तर तो गोळा बाहेरून दिसतो. आणि भरून भरून फुगवू नये. एका घंटेची मी उशी करून टाकली.

सप्टेंबरमध्ये सुई हरवली.

एकाच वेळी तीन-चार नग चालू असले की सुया दोऱ्यासकट इकडेतिकडे खोचलेल्या असतात. त्या रात्री आवरताना टाचण्यांच्या उशीत अकरा सुया होत्या. असायला हव्या होत्या बारा. आधी सोफा, मग चादर, मग फरशी, टॉर्च लावून, अनवाणी कुणी येऊ नका असं ओरडत. नाही. आणि मग मनात आलं ते फार वाईट होतं: त्या दिवशी मी तीन लटकनांत कापूस भरून कड बंद केली होती, आणि त्यातलं एक ज्या घरी जाणार होतं तिथे दोन वर्षांचं मूल आहे.

फ्रिजवरचा चुंबक आणला. सगळे तयार नग टेबलावर मांडले, त्या दिवसाचे तीनच नाही, सगळे. एकेकावरून चुंबक अगदी सावकाश फिरवला. पक्षी, काही नाही. घंटा, काही नाही. तारा, आणि ताऱ्याचं एक टोक टेबलावरून किंचित उचललं गेलं. मी हात मागे घेतला. परत नेला, परत उचललं. टाके उसवले, कापूस बोटांनी न चाचपता चिमट्याने काढला, आणि आत ती होती. बारीक, आठ नंबरची, अर्धा वीतभर पांढरा दोरा लावलेली. कापसात पांढरा दोरा दिसणार तरी कसा?

तेव्हापासून डब्याच्या झाकणावर आतून मोठ्ठा 12 लिहिलाय. आवरताना मोजते. आणि कुठलंही भरलेलं लटकन घराबाहेर जायच्या आधी त्यावरून चुंबक फिरतो. लहान मूल असलेल्या घरी मणी, बटणं आणि टिकल्याही लावायच्या नाहीत असं ठरवलं. डोळे दोऱ्याचेच. गाठी टाक्याचा डोळा उपटून तोंडात घालता येत नाही.

एका बाळाच्या पहिल्या नाताळचं लटकन मात्र फुलीच्या टाक्यात करायचं होतं, नाव आणि साल घालून. नमुना बेचाळीस घरं रुंद. मॅटीवर, म्हणजे फुलीच्या टाक्याच्या चौकडीच्या विणीच्या कापडावर, इंचाला 14 घरं धरली तर बरोबर तीन इंच. सगळं आखून ठेवलं आणि कापड आणलं ते इंचाला 18 घरांचं, कारण पिशवीवरचा आकडा वाचायचं राहिलं. मग लटकन झालं सव्वादोन इंचांहून जरासं मोठं. खरं सांगायचं तर दिसायला तेच जास्त गोड झालं, पण डोळ्यांची वाट लागली. दिवसाउजेडीच शिवायचं, असा निर्बंध मी स्वतःवर घालून घेतला.

फुलीच्या टाक्यात मला वाटतं एकच पथ्य आहे: प्रत्येक फुलीची वरची रेघ एकाच दिशेला हवी. मी मधेच कापड ताणून धरणारी रिंग आडवी धरून शिवत बसले आणि एका कोपऱ्यातल्या तीसेक फुल्या उलट्या पडल्या. समोरून बघितलं तर कळत नाही. दिव्याखाली तिरपं धरलं की तो कोपरा वेगळा चमकतो, कापडावर कुणी बोट फिरवल्यासारखा. तो नग अर्थातच माझ्याकडे राहिला.

त्याच नगावर दुसरंही संकट आलं. धुताना मी कोमट पाणी घेतलं आणि गडद लाल दोऱ्याने रंग सोडला. नमुन्यातलं पांढरं हिम डोळ्यांदेखत गुलाबी झालं. अशा वेळी दोन गोष्टी करायच्या नाहीत: वाळू द्यायचं नाही आणि इस्त्री लावायची नाही. दोन्हींनी डाग पक्का होतो. थंड पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी बदलायचं, परत बुडवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मी रात्रभर तेच करत होते. बराचसा निघाला, पायथ्याशी थोडी लाली राहिली. दुसऱ्या नगाच्या वेळी आधीच लाल दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघितला. फडक्यावर रंग उतरला. लडी बदलली.

लाल गोळा शिवताना एकदा भाच्याने विचारलं, "मावशी, झाडाला बॉल का लावतात?" मला फार आवडलेला प्रश्न. ते मुळात सफरचंद आहे. जर्मन मुलखात 24 डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचा दिवस मानत, त्यांच्या कथेच्या नाटकात सफरचंदं लावलेलं सूचीपर्णी झाड असायचं. स्ट्रासबर्गच्या 1605 च्या एका वर्णनात घरातल्या झाडांना रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगल्याचं लिहिलं आहे. काचेचे गोळे पुष्कळ नंतरचे, जर्मनीतल्या लाउशा या काचकामाच्या गावातले, एकोणिसाव्या शतकातले. "मग कापडाचे कधी आले?" याचं उत्तर मला देता आलं नाही. पण एक सांगितलं: झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे तोवर कापडाचं काही टांगायला छाती लागली असती. विजेचे दिवे झाडावर पहिल्यांदा 1882 मध्ये लावले, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने, न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी. लाल, पांढरे, निळे, ऐंशी. भाच्याला ऐंशी हा आकडा फारच कमी वाटला. त्यानंतर मी त्याला सफरचंदाचं पान कापायला दिलं. ते सफरचंदाहून मोठं झालं. तसंच लावलंय.

नोव्हेंबर संपता संपता सातही तयार होते. प्रत्येकाच्या पाठीवर उलट्या टिपेने साल घातलं. नाव नाही, नुसतं साल. कापडी लटकनाचं एक सुख म्हणजे ते काही ग्रॅमचं असतं आणि फुटत नाही. टिश्यूत गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून पाकिटातून जातं. सोबत एक चिठ्ठी: मेणबत्तीपासून लांब, उन्हात टांगू नये, मळलं तर थंड पाणी.

देण्याचा अनुभव संमिश्र म्हणावा लागेल. एकीने हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "कुठून आणलंस?" मी केलं म्हटल्यावर म्हणाली, "हो का? मग ऑफिससाठी पन्नास करून दे ना." तिने ते कौतुक म्हणूनच म्हटलं होतं, आणि मी हसले, पण पन्नास गुणिले तीन तास हा गुणाकार मनात झालाच. एकाने तारा किल्ल्यांच्या जुडग्याला लावला. लोकर तिथे महिनाभरसुद्धा टिकणार नाही. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाज वाटली. दिलं म्हणजे दिलं. आणि माझ्या जाऊबाई. त्यांनी पक्षी हातात घेतला, काही बोलल्या नाहीत, उलटा केला, पाठीमागून कड बघितली, नखाने एक टाका किंचित उचलून बघितला. मग म्हणाल्या, "गाठ कुठे लपवलीस?" यादीतल्या बाकी सहाजणांनी मिळून जे दिलं नसतं ते त्या एका प्रश्नाने दिलं.

आमच्या झाडावर सगळे पहिले नग लागले. निळ्या रेघेची घंटा, उशीएवढी घंटा, गुलाबी हिमातलं घर, कुरतडलेले तारे, मोठ्या पानाचं सफरचंद, आणि वर मुंडी घातलेला तो पक्षी. दोरी एक सेंटिमीटर पुढे घेतली की तो सरळ होईल हे आता माहीत आहे, दहा मिनिटांचं काम. करायचं म्हणून काढला होता खाली. भाचा म्हणाला, "नको, तो काहीतरी बघतोय." परत लावला. दुसऱ्या दिवशी झाडू मारताना दिसलं, पक्ष्याच्या बरोबर खाली, फरशीवर, एक लाल बटण ठेवलेलं होतं. मी झाडू बाजूने फिरवला. पुढचे बारा दिवस फिरवत राहिले.

6 जानेवारीला झाड उतरवलं. लोकरीला कसर लागते, म्हणून प्रत्येक नग आधी नीट झटकला, डाग आहेत का बघितलं, कारण मळलेली लोकर कसरीला जास्त आवडते. मग आम्ल नसलेल्या टिश्यूत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात. पक्षी गुंडाळताना बटणही त्याच्यासोबत ठेवलं. सगळ्यात वर एक अर्धा तारा ठेवला, चौथ्या टोकापर्यंत काजटाका झालेला, दोरा तसाच लोंबत असलेला. तो आठवा होता, कुणासाठी ते ठरलं नव्हतं. सुई काढून घेतली. सुया मोजल्या. बारा.